टर्बोवर खापर फोडण्याआधी

महोदय,

गेले दोन-तीन आठवडे आपल्या वाचकांच्या पत्रांत ई-२० पेट्रोलवरून, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून, चांगलीच जुंपली आहे. कुणाची गाडी झटके देते, कुणाची सकाळी चालू व्हायला कुरकुरते, कुणाचं अॅव्हरेज घसरलंय, आणि सगळ्यांचा आरोपी एकच. अॅव्हरेज थोडं घसरणारच. एक लिटर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, तेव्हा टाकीत पाचवा हिस्सा इथेनॉल असला की कागदावरच्या हिशेबाने सहा-सात टक्के गेलेच. २०२३च्या आधीच्या बऱ्याच गाड्या ई-१० डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या, म्हणून त्यांच्या रबरी नळ्या आणि सील यांची काळजी करणाऱ्यांनाही मी हसणार नाही. पण 'गाडी मिसिंग मारते, म्हणजे ई-२०' हे मात्र मला पटत नाही. का, ते सांगायला आमच्या घरातलीच गाडी पुरे आहे.

मी अठ्ठावीस वर्षं शहरातल्या एका सरकारी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो. आमच्या शेडमध्ये लोखंडी घोडीवर जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचं इंजिन ठेवलेलं असायचं आणि त्यावर पोरं हात काळे करायची. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, तेव्हा ट्रकचा, डिझेलचा. एक लिटरच्या पेट्रोल इंजिनाला टर्बो बसेल आणि तीनच सिलिंडरांवर गाडी घाट चढेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभा केला असता. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे मी स्वतः दोनदा चुकलो आहे.

लेकीची गाडी तशीच आहे. २०२१ची, एक लिटर, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल. रोज परळ ते ऐरोली जाऊन-येऊन. बावन्न हजार किलोमीटर झालेले, वॉरंटी संपलेली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "बाबा, लालबागच्या पुलावर चढताना गाडी अडखळते, आणि तो पिवळा इंजिनाचा दिवा लुकलुकतो."

सिग्नलला उभी असताना थरथरते का? नाही. हायवेवर ऐंशीच्या वेगात? मुळीच नाही. फक्त तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, आरपीएम कमी असताना पाय दाबला की. मी पेपर वाचत होतो. म्हटलं, पावसाचे दिवस आहेत, कुठेतरी ओल गेली असेल, वाळेल आपोआप. चालव तशीच.

ही माझी पहिली चूक, आणि ती मोठी होती. चेक इंजिनचा दिवा नुसता लागून राहिला असेल तर सवडीने दाखवलं तरी चालतं. तो लुकलुकत असेल तर गाडी सांगत असते की एखाद्या सिलिंडरात ठिणगी चुकते आहे आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आहे. ते तिथे जाऊन पेटतं, आतली चाळणी तापून वितळू शकते. त्या चाळणीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांचा लेप असतो, म्हणजे किमतीची कल्पना यावी. लुकलुकता दिवा दिसला की पाय सैल सोडायचा, जोर न देता बाजूला घ्यायची. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी 'चालव तशीच' म्हणालो. परक्या माणसाची गाडी असती तर म्हणालो नसतो.

आठवडाभराने ती सर्व्हिस सेंटरला गेली. नाव घेत नाही, कारण माझी तक्रार एका दुकानाची नाही. तिथे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, कोड निघाले पी ०३०२ आणि पी ०३००. तिन्ही प्लग बदलले, सहा हजार आठशे चाळीस रुपये घेतले. चार दिवस गाडी गुळासारखी गोड चालली, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्या फेरीला इंजेक्टर क्लीनिंग केलं, टाकीत कसलीशी बाटली ओतली, "मॅडम, आजकाल ई-२०मुळे सगळ्यांचंच होतंय" असं सांगितलं आणि पाच हजार तीनशे दहा घेतले. तिसऱ्या फेरीला मी बरोबर गेलो.

तिथल्या तरुण अॅडव्हायझरने फार अदबीने बोनेट उघडलं, टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडून येणारा जाड होस पाइप एका टोकाने सोडवला, आत बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटाला तेल. "बघा काका, टर्बो ऑइल टाकतोय. टर्बो असेंब्ली आणि तीन इंजेक्टर एकदमच करून टाकू." अंदाजपत्रक एक लाख अडतीस हजारांचं.

त्या बोटावर मी विश्वास ठेवला असता तर हे पत्र लिहिण्याऐवजी बँकेत गेलो असतो. टर्बो गाडीच्या त्या पाइपात तेलाचा पातळ हात फिरलेला असतोच. इंजिनाच्या पोटातली, म्हणजे क्रँककेसमधली, वाफ ब्रीदरच्या नळीतून पुन्हा हवेच्या वाटेत सोडलेली असते, तिच्याबरोबर तेलाचा अंश येतो. टर्बोचं सील गेलं म्हणायचं तर सायलेन्सरमधून निळसर धूर हवा, डिपस्टिकवर तेल उतरलेलं दिसायला हवं, टर्बोचं चाक हाताने हलवून शाफ्ट किती खेळतो ते पाहायला हवं. मी विचारलं, शाफ्ट बघितला का? तो म्हणाला, "त्यासाठी टर्बो खोलावा लागेल, काका." मी म्हटलं, मग न खोलताच बदलायचा ठरवलात? तो ओशाळला. पोराचा राग नाही आला. त्याला हे कुणी शिकवलेलंच नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. पी ०३०२ म्हणजे दुसऱ्या नंबरच्या सिलिंडरात मिसफायर, म्हणजे तिथला धक्का चुकणं. शेवटचा आकडा सिलिंडरचा. टाकीतलं पेट्रोल तिन्ही सिलिंडरांना एकाच वाटेने येतं. ई-२० बाधलं असतं तर ते तिघांना बाधलं असतं, दुसऱ्यालाच वेचून का बाधेल? टर्बोही एकच आहे, तिघांत सामायिक. तो थकला तर तिघेही अर्धपोटी राहतील, आणि बहुधा पी ०२९९ म्हणजे दाब कमी पडल्याचा कोड येईल. तो आला नव्हता. म्हणजे पान्याला हात लावायच्या आत, खुर्चीत बसल्या बसल्या, दोन मोठे संशयित सुटले. उरलं ते एका सिलिंडरचं स्वतःचं असं जे काही असतं ते: त्याचा प्लग, त्या प्लगला ठिणगीची वीज देणारी त्याची कॉइल, त्याचा इंजेक्टर, आणि त्याचे व्हॉल्व्ह-रिंगा. सामायिक काय आणि खासगी काय, एवढं वेगळं केलं की निम्मं काम होतं. चाळीत पाणी गेलं तर आधी शेजारी विचारतोच ना आपण, तुमच्याकडे आहे का म्हणून?

दुसरी गोष्ट त्यांनी पाहिलीच नव्हती. कोड नोंदवताना गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, त्या क्षणाचा फोटो काढून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. पुढे गॅरेजमधल्या स्कॅनरवर आम्ही तो पाहिला तेव्हा आरपीएम १,७८०, इंजिनावरचा भार नव्वद टक्क्यांच्या वर, पाणी ८९ अंशांवर. म्हणजे इंजिन गरम, फेऱ्या कमी, जोर पुरता. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा, अधिक चार टक्के, अगदी संसारी माणसासारखा. हवा कुठून चोरून आत येत असती किंवा पेट्रोल कमी पडत असतं तर तो आकडा बराच वर चढला असता.

कमी फेऱ्या आणि पुरता जोर, तेव्हाच का? संध्याकाळी पावणेसातला दादरच्या पादचारी पुलावर उभं राहून पाहा. दुपारी दोनला तोच पूल माणूस शीळ घालत ओलांडतो. पावणेसातला पूल गच्च भरलेला असतो, पलीकडे जायला अंगात रग लागते. टर्बोने हवा कोंबली की प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीची तीच गत होते. फट तेवढीच, मिलिमीटरच्या पाऊण भागाएवढी, पण हवा दाट. ठिणगीला ती ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. उभ्या गाडीत आठ-दहा हजार व्होल्टवर भागतं, चढावर त्याच्या दुप्पट-तिप्पट लागू शकतं. आणि पूल भरला की काही माणसं काय करतात ते मुंबईकराला सांगायला नको. उडी मारून रूळ ओलांडतात. विजेचंही तसंच. फट ओलांडणं जड झालं आणि बाजूने कुठे चोरवाट असली की ती तिथून जाते, आणि सिलिंडर कोराच राहतो. म्हणून टर्बो गाडीचा प्लग साध्या गाडीपेक्षा कमी फटीचा असतो, आणि म्हणूनच कॉइलचा बारीक आजार सिग्नलला उभं असताना कळत नाही, चढावर कळतो. पीयूसीमध्येही गाडी झकास पास झाली होती, कारण ती तपासणी उभ्या गाडीवर होते.

माझा एक जुना विद्यार्थी काळाचौकीला गॅरेज चालवतो. १९९४च्या तुकडीतला. स्वतःचे केस पिकले तरी मला पाहून अजून हातातली विडी मागे लपवतो. रविवारी दुपारी गाडी त्याच्याकडे नेली. त्याने स्कॅनर लावला, पी ०३०० पाहून हसला. "सर, यातला हा एखादे वेळी खड्ड्याचा असेल." तो विनोद नव्हता. ईसीयूला सिलिंडरात काय चाललंय ते दिसत नाही; तो क्रँकशाफ्टच्या चाकाचे दात मोजत बसतो आणि एखाद्या धक्क्यात फिरकी मंदावली की मिसफायर समजतो. तीन सिलिंडरांत दर २४० अंशांना एक धक्का येतो, त्यातला एक चुकला की लगेच कळतं. पण रस्त्यानेच चाकांना हादरे दिले तर ते गिअरबॉक्समधून क्रँकपर्यंत पोहोचतात. ते ओळखायची सोय काही गाड्यांत असते, तरी कोणत्याच सिलिंडरचं नाव न घेणारा पी ०३०० आपल्या रस्त्यांवर थोडा संशयानेच वाचावा.

आम्ही आधी होस पाइपांच्या क्लिपा पाहिल्या. तो माझा हट्ट. टर्बो म्हटलं की मला क्लिप सैल दिसते. आत धूर सोडून पाहिला, कुठूनही बाहेर आला नाही. मग सोपी परीक्षा: दोन नंबरची कॉइल तीनवर, तीनची दोनवर. या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसते, दहा नंबरचा एक बोल्ट आणि एक कनेक्टर, पाच मिनिटांचं काम. आजार कॉइलबरोबर तीनला गेला तर कॉइल दोषी, दोनलाच राहिला तर कॉइल निर्दोष. असं मी पोरांना फळ्यावर लिहून दिलेलं आहे.

रात्री साडेअकराला लालबागचा उड्डाणपूल मोकळा असतो. तिसरा गिअर, सतराशे आरपीएम, पाय पूर्ण खाली. गाडीने असा झटका दिला की माझ्या खिशातला चष्मा पडला. खाली येऊन स्कॅनर पाहिला. पी ०३०२ आणि पी ०३०३. दोन्ही!

फळ्यावर हे उत्तर नव्हतं. विद्यार्थी माझ्याकडे पाहतोय, मी स्कॅनरकडे. मी म्हटलं, वायरिंग असणार. का म्हटलं? कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. ही दुसरी चूक. त्याने बिचाऱ्याने बारा वाजेपर्यंत कनेक्टर हलवून, पिना तपासून पाहिल्या, काही निघालं नाही. घरी गेलो, झोप लागली नाही. पहाटे दूध आणायला उतरलो तेव्हा जिन्यात डोक्यात आलं की गुन्हेगार दोन असतील तर? एकाला उचलून तीनमध्ये नेला, दुसरा दोनमध्येच बसून राहिला.

सकाळी सातला त्याला फोन केला. दोन नंबरचा प्लग बाहेर काढला, तोच जो वीस दिवसांपूर्वी नवा कोरा म्हणून बसवला होता. फट मोजली, बरोबर होती. टोकाचा रंग फिका तपकिरी, जसा हवा तसा. मी खिशातली भिंगाची काच काढली. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीवर, वरच्या टोपणापासून खालच्या षटकोनापर्यंत, केसाएवढी काळी रेघ. पेन्सिलने ओढावी तशी, जराशी नागमोडी. नखाने खरवडली, गेली नाही. मग ती उचलून नेलेली कॉइल घेतली, तिची रबरी नळी ब्लेडने उभी चिरली. आत नेमकी तिची जोडीदार: भुरकट, तशीच नागमोडी रेघ. दोन्ही शेजारी ठेवल्या तर जन्मपत्रिका जुळाव्यात तशा जुळत होत्या. विद्यार्थी म्हणाला, "सर, हे तर रूळ ओलांडायची पायवाट पडलीय." ती उपमा रात्री मीच त्याला दिली होती.

झालं असं असणार: मूळ रेघ कॉइलच्या रबरात आणि जुन्या प्लगवर होती. सर्व्हिस सेंटरने प्लग नवा बसवला, रबर जुनंच ठेवलं. नव्या चिनी मातीने चार दिवस तग धरला, मग रबरातल्या रेघेने तिच्यावरही वाट पाडली. म्हणजे पहिल्या दिवशी काढलेला जुना प्लग कुणी उजेडात धरून पाहिला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. आणि तो पाहायला आमच्याकडेही नव्हता, कारण जुने प्लग आम्ही मागितले नाहीत आणि त्यांनी दिले नाहीत.

प्लग बाहेर होतेच म्हणून कॉम्प्रेशनही मोजून घेतलं. तिन्ही सिलिंडर बारा बारच्या आसपास, आपसांत अर्ध्या बारचाही फरक नाही. इंजिन निरोगी. पण मला चैन पडेना. तीनपैकी दोन नंबरच्याच रबरात रेघ का पडावी? कॉइल परत पाहिल्या. एक आणि तीनचे बोल्ट चकचकीत, दोनच्या बोल्टाभोवती गंजाचं तांबूस कडं. विहिरीच्या काठावर, म्हणजे प्लग ज्या खोल भोकात बसतो त्याच्या तोंडाशी, वाळलेल्या पाण्याचा पांढरा डाग.

पूर्वी पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं की पद्मिनी बंद पडायच्या, आणि टॅक्सीवाला उतरून प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून बनियनने पुसायचा, दोन मिनिटांत पुन्हा भाडं घ्यायचा. रोग तोच, ओलीतून विजेची गळती. फरक इतकाच की तेव्हा तो सगळ्यांना दिसायचा आणि फुकटात बरा व्हायचा. कोणता सिलिंडर मेला ते बघायला आम्ही चालू इंजिनावर एकेक प्लगची वायर उपटायचो. जी उपटल्यावर आवाजात फरक पडत नाही, तोच मेलेला. हे मी आता मुद्दाम सांगतो, कारण माझ्या वयाचे काही उत्साही लोक नव्या गाडीवरही तसं करू पाहतात. करू नका. कॉइल जाते, कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं, आणि हाताला बसणारा झटका तर विचारू नका. आता स्कॅनरवरून एकेक इंजेक्टर बंद करून तीच परीक्षा होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २००३च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली होती, वीस वर्षांची मुदत संपून २०२३ साली त्याही रस्त्यावरून गेल्या. ती शिकवणीही त्यांच्याबरोबर गेली असावी.

तर पाणी. विद्यार्थ्याने बोनेट उघडं ठेवून काचेवर, वायपरच्या मुळाशी, मगभर पाणी ओतलं. हे पाणी वायपरच्या खालच्या प्लॅस्टिकच्या पन्हळीतून दोन्ही बाजूंनी खाली रस्त्यावर पडायला हवं. आम्ही दोघं वाकून उभे. काही पडलं नाही. मग टप. इंजिनाच्या झाकणाच्या मागच्या कडेला. टप. टप. तिथून ओघळ झाकणाखाली, आणि थेट दोन नंबरच्या कॉइलवर. पन्हळ उचकटली तर आत चहाच्या चोथ्यासारखा ओला लगदा. आमच्या इमारतीसमोरच्या रेन ट्रीची बारीक पानं, त्याच्या गुलाबी फुलांचा कापूस, त्यात एक पतंगाचा मांजा. निचऱ्याच्या रबरी तोंडात बूच बसलं होतं. गाडी गेली दोन वर्षं त्याच झाडाखाली उभी राहते, कारण सावली आहे म्हणून ती जागा मीच भांडून मिळवली होती.

नवी कॉइल चार हजार दोनशे, एक प्लग नऊशे. विहिरीत हवेचा फवारा मारून कोरडं केलं, रबराच्या तोंडाला आतून सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात लावला. तीन नंबरचा प्लग, ज्यावर ती आजारी कॉइल एक रात्र बसली होती, भिंगाखाली पाहिला, स्वच्छ होता, परत लावला. विद्यार्थी मजुरी घेईना. मी त्याला म्हटलं, मजुरी नको घेऊस, तपासणीचे घे. तू दोन दिवस डोकं चालवलंस, त्याचे पैसे नाही घेतलेस तर उद्या तूही पार्ट विकून पोट भरायला लागशील. दीड हजार बळेच दिले. त्या रात्री लालबागच्या पुलावर तीनदा चढलो. गाडी ढिम्म काही बोलली नाही. टाकीत अर्थात तेच ई-२० होतं.

आता माझं मागणं. गाड्यांच्या जॉब कार्डवर ग्राहकाची तक्रार लिहायला रकाना असतो, बदललेल्या पार्टची यादी असते, या दोहोंच्या मध्ये काहीच नसतं. तिथे एक रकाना हवा: कोणती तपासणी केली, काय आढळलं. कॉइल अदलाबदल केली, कोड हलला किंवा नाही हलला. कॉम्प्रेशन इतकं. एवढ्या दोन ओळी. लिहायच्या म्हटल्या की कराव्या लागतील. वाहनविक्रेत्यांच्या संघटनांनी मनावर घेतलं तर याला कायदा लागत नाही, पेन लागतं. बदललेला जुना पार्ट न मागता पिशवीत घालून ग्राहकाला द्यावा, हेही त्यातच आलं.

आणि आपण ग्राहकांनी तपासणीचे पैसे देताना खळखळ करू नये. लाखाच्या टर्बोला मान डोलावणारा माणूस हजार रुपयांच्या तपासणीला 'नुसतं बघायचे पैसे?' म्हणून भुवया उंचावतो, मग वर्कशॉपवाला बघणं सोडून बदलण्याकडे वळतो. ही सवय त्यांना आपणच लावली आहे. डॉक्टरला नुसतं नाडी बघायचे आठशे देतो की.

आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडमध्ये आज स्कॅनर शिकवतात, चांगलंच आहे. पण कोड आला की पुढचे प्रश्न कोणते विचारायचे, याचा तास वेळापत्रकात मी असताना नव्हता. मी तो मधल्या सुट्टीत घ्यायचो. आज असेल तर आनंद आहे.

पत्र लांबलं, जागेची अडचण मला कळते. कात्री लावायचीच झाली तर पद्मिनीच्या परिच्छेदाला लावा, लुकलुकत्या दिव्याच्या परिच्छेदाला कृपया लावू नका. आणि एक राहिलंच: सर्व्हिस सेंटरमधून परवा पुन्हा फोन होता, "काका, टर्बोचं काय ठरलं?" मी त्याला रविवारी घरी बोलावलंय. ती चिरलेली रबरी नळी आणि प्लग मी कपाटात जपून ठेवले आहेत, त्याला भिंगातून दाखवायचे आहेत.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
परळ, मुंबई